प्रतिष्ठा आणि तटस्थता : कोशातील एका संगीतसंस्थेच्या वर्णनाविषयी

कोशातील नोंद तटस्थ असावी, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो ही तटस्थता भाषेत कशी साधावयाची याविषयी. आपल्याकडील नोंदलेखक बहुधा एकच उपाय योजतात : ‘सुप्रसिद्ध’, ‘नामवंत’, ‘थोर’ ही विशेषणे गाळावयाची आणि उरलेला मजकूर तटस्थ समजावयाचा. हा उपाय आवश्यक असला तरी पुरेसा नाही, आणि कित्येकदा तो वाचकाची फसवणूकही करतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. उदाहरण म्हणून पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीचे घेऊ. हिचा मोठेपणा सर्वमान्य आहे. म्हणूनच ती या परीक्षेला योग्य.

प्रथम ‘प्रतिष्ठित’ हा शब्दच पाहू. ‘स्था’ धातू अकर्मक असून त्यापुढील ‘क्त’ प्रत्यय कर्तरी अर्थीही होतो, ही पाणिनीची व्यवस्था अभ्यासकांस परिचित आहे. ‘सन्मानित’ म्हटले की ‘कोणी सन्मान केला?’ हा प्रश्न मनात उभा राहतो. ‘प्रतिष्ठित’ म्हटल्यावर तो उभा राहत नाही. संस्था जणू आपल्याच बळावर उभी आहे असे वाटते. ‘अग्रगण्य मानली जाते’ या कर्मणी रचनेतही मानणारा कोण हे सांगितलेले नसते. म्हणजे शब्द गाळला, परंतु रचना तशीच ठेवली, तर दोष जागा बदलतो एवढेच.

आता विशेषणरहित असे एक वाक्य आपणच रचू : ‘या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांत बेर्लिओझ, देब्यूसी व राव्हेल यांचा समावेश होतो.’ विधान अक्षरशः खरे आहे. तथापि ‘समावेश होतो’ या क्रियापदाने तिघांचे कर्तृत्व संस्थेच्या खात्यावर जमा होते. बेर्लिओझला १८३० मध्ये प्री द रोम हे पारितोषिक मिळाले. पुढे संस्थेच्या ग्रंथालयात पदही मिळाले. परंतु रचनाशास्त्राचे अध्यापकपद तिने त्याला कधीच दिले नाही. राव्हेलने १८८९ मध्ये प्रवेश घेतला आणि १८९५ मध्ये, आवश्यक ती पारितोषिके न मिळाल्यामुळे, त्याला बाहेर पडावे लागले. १८९७ मध्ये तो फोरेच्या रचनावर्गात परत आला. १९०० मध्ये त्या वर्गातूनही त्याचे नाव कमी झाले आणि पुढे तो केवळ श्रोता म्हणून बसत असे. ज्याला संस्थेने वर्गाबाहेर काढले, त्याचे नाव कोणत्याही खुलाशावाचून तिच्या भूषणांत देणे यास तटस्थता म्हणता येणार नाही.

येथे उलट बाजूची चूकही संभवते. १९०५ मध्ये राव्हेल प्री द रोमच्या प्राथमिक फेरीतच वगळला गेला. त्या वेळी त्याच्या रचना नावारूपास आल्या होत्या. शिवाय अंतिम फेरीत पोहोचलेले सर्व उमेदवार परीक्षक मंडळातील एका सदस्याचेच, लेनव्यचे, विद्यार्थी होते. यावरून वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षी द्युब्वाने संचालकपद सोडले व त्या जागी फोरे आला. या घटना सांगताना ‘त्यानंतर’ लिहावयाचे की ‘त्यामुळे’? पहिल्या शब्दाला तारखांचा पुरावा पुरतो. दुसऱ्याला कार्यकारणाचा स्वतंत्र पुरावा लागतो. शिवाय हे पारितोषिक देणारी संस्था ललितकला अकादमी होती, कॉन्झर्व्हेटरी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नाही तर एकीचा दोष दुसरीच्या माथी बसेल. अव्ययाची निवड येथे निव्वळ शैलीची बाब राहत नाही.

तिसरी गोष्ट अनुपस्थितांची. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत लिस्ट नसतो, कारण १८२३ मध्ये परदेशीयांस प्रवेश नाही या नियमावर बोट ठेवून त्याला नाकारण्यात आले. त्यावेळी तो बारा वर्षांचा होता. नियम सांगणारा संचालक केरुबिनी स्वतः इटलीत जन्मलेला होता. लुईझ फारांक १८४२ पासून १८७३ पर्यंत तेथे पियानोची अध्यापिका होती. आरंभीची अनेक वर्षे तिला पुरुष सहकाऱ्यांहून कमी वेतन मिळाले. केवळ ‘अध्यापकवर्गात फारांक होती’ असे लिहिले, तर वाक्य संस्थेच्या औदार्याचा दाखला ठरते. वेतनाचा उल्लेख येताच तेच वाक्य इतिहास सांगू लागते.

अशा तपशिलांनी नोंदीला आरोपपत्राचे रूप येईल, अशी शंका कोणी घेईल. ती अनाठायी नाही. परंतु प्रतिष्ठा हीदेखील एक वस्तुस्थिती आहे आणि तिचीही कारणे सांगता येतात. १७९५ मध्ये राज्यक्रांतीनंतरच्या नॅशनल कन्व्हेन्शनने ही संस्था स्थापन केली. संगीतशिक्षण ही राज्याची जबाबदारी ठरली. निरनिराळ्या वाद्यांसाठी संस्थेने स्वतःची पाठ्यपुस्तके सिद्ध केली. १८२८ मध्ये तिच्या आश्रयाने आबेनेकने सुरू केलेल्या वाद्यवृंदसभांनी बेथोव्हेनच्या सिंफनी पॅरिसच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचविल्या. ही चार वाक्ये वाचणाऱ्यास ‘प्रतिष्ठित’ हा शब्द सांगावा लागत नाही, आणि तो निर्णय नोंदलेखकाने त्याच्या वतीने घेतलेलाही नसतो.

तात्पर्य, तटस्थतेची कसोटी विशेषणांच्या संख्येत नसून कर्त्याच्या उल्लेखात आहे. कोणी प्रवेश दिला, कोणी नाकारला, कोणी गौरविले, कोणत्या वर्षी, हे ज्या वाक्यातून कळते ते तटस्थ. मग त्यात स्तुती असो वा दोष.

पॅरिसविषयी असे लिहिणे आपल्याला जड जात नाही, कारण तेथे आपली भक्ती गुंतलेली नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोर येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयावर नोंद लिहावयाची झाली, तर मराठी लेखकाची लेखणी आदराने आपोआप वाकते. तो आदर अस्थानी आहे असे नाही. परंतु घराण्याच्या तालमीऐवजी वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा आल्या तेव्हा काय साधले आणि काय सुटले, हा प्रश्न त्या नोंदीत ‘महान कार्य’ या दोन शब्दांखाली झाकला जाऊ नये. आपल्या विद्यार्थ्यांनी कोशलेखनाचा सराव करावयाचा, तर तो दूरच्या संस्थांवर न करता अशा जवळच्या विषयांवर करावा. खरी परीक्षा तेथेच होईल.