‘फक्त इंग्रजीच बोला’ : खाजगी इंग्रजी वर्गांतील एका नियमाची चिकित्सा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘दाना ओली’ हे नाव मराठी कानाला ‘दाणा’ आणि ‘ओळ’ असे ऐकू येते. उर्दू भाषकाला त्यातील ‘दाना’ हा फारसी शब्द म्हणून परिचित आहे. ‘लष्कर’ हाही मूळचा फारसीच शब्द. दौलतराव शिंदे यांच्या १८१० च्या सुमाराच्या छावणीमुळे तो या वस्तीचे नाव झाला. अशा वस्तीतील विद्यार्थी घरी मराठी किंवा उर्दू आणि बाजारात हिंदी बोलतो. इंग्रजीला ‘द्वितीय भाषा’ म्हटले, तरी त्याच्या बाबतीत ती बहुधा तिसरी किंवा चौथी असते. खाजगी संभाषणवर्गातील ‘फक्त इंग्रजीच बोला’ या नियमाचा विचार या पार्श्वभूमीवर व्हावयास हवा.

या नियमाची परंपरा जुनी आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे खाजगी भाषाशाळा काढली आणि प्रत्यक्ष पद्धती लोकप्रिय केली. १९६१ च्या मकेरेरे परिषदेने इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, या मताला बळ दिले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात याच मताची गणना भ्रमांत केली. विद्यार्थ्यांची भाषा शिक्षकाला येत नसेल, तेथे हा नियम ही गरज असते. परंतु लष्करातील शिक्षकाला विद्यार्थ्यांच्या भाषा अवगत असतात. तेथे त्यांवर बंदी घालणे म्हणजे हातचा दिवा विझवून अंधारात चाचपडणे होय.

काही उदाहरणे पाहू. मराठी, हिंदी व उर्दूत शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, इंग्रजीत नामापूर्वी. या तिन्ही भाषांत ‘द’सारखे उपपद नाही. ‘मी काल आलो आहे’ म्हणणारा मराठी विद्यार्थी ‘आय हॅव कम यस्टर्डे’ म्हणतो. ही चूक आळसाची नसून मातृभाषेच्या नियमातून आलेली असते. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या उर्दू भाषक मुलाला आरंभीच्या जोडाक्षराचा सराव हवा. ‘स्नान’, ‘स्थळ’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला तो तितका नको. उलट ‘जीरो’तील ‘ज’ सुधारताना उर्दूतील ‘ज़े’ उपयोगी पडते. एका वर्गात तीन प्रकारच्या चुका असताना सर्वांना एकच पाठ देणे शास्त्रीय नव्हे.

अर्थात दुसरे टोकही तितकेच सदोष आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक मराठी पिढ्यांना इंग्रजी वाचावयास शिकविले. मात्र केवळ भाषांतराने जिभेला सराव होत नाही. म्हणून संभाषण इंग्रजीतून व्हावे, परंतु चुकीचे कारण विद्यार्थ्याच्या भाषेतून स्पष्ट करावे.

वर्गाच्या दाराशी मातृभाषा उतरवून ठेवण्यास सांगितलेला विद्यार्थी आधी गप्प बसतो, मग लाजतो आणि अखेर वर्ग सोडतो. शुल्क भरून पदरी न्यूनगंड पडावा, ही कोणत्याही अध्यापनपद्धतीची फलश्रुती असू शकत नाही. इंग्रजी अवश्य शिकावी, परंतु मराठी-उर्दूच्या पायावर उभे राहून.