एका केळ्याचे दोन उपयोग

गेल्या मे महिन्यात आमच्या खराडीतल्या सोसायटीतली एक सातवीतली मुलगी गळ्यात इवलीशी काचेची कुपी अडकवून माझ्याकडे आली. कुपीत स्पिरिट होते आणि त्यात कापसासारखा पांढरट पुंजका तरंगत होता. "काकू, हा केळ्याचा डीएनए. मी स्वतः काढला," तिने अभिमानाने सांगितले. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दोन दिवसांचे जैवतंत्रज्ञान शिबिर झाले होते, त्याची ही खूण. मी तिचे कौतुक केले. जाता जाता ती दारात थांबली आणि म्हणाली, "पण हा डीएनएच आहे हे कशावरून?" शिबिरात विचारले नाहीस का, असे मी म्हटले. "विचारले की. ताई म्हणाल्या, पांढरे दिसते तोच डीएनए."

त्या ताईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना दोन दिवसांत तीस मुलांकडून सात प्रात्यक्षिके उरकून घ्यायची होती. मुलांना पांढरे अंगरखे मिळाले, रंगीत पाणी मोजायला मायक्रोपिपेट मिळाली, शेवटी प्रमाणपत्र मिळाले. एरवी पुस्तकातल्या आकृतीला रंग देण्यापलीकडे ज्यांचे जीवशास्त्र जात नाही अशा मुलांना हे दोन दिवस आवडले, यात नवल नाही. नाके मुरडण्याआधी आपण हे मान्य करायला हवे. पण अशी शिबिरे आता पुण्याच्या पूर्व भागात दर सुट्टीत होतात, पालक त्यासाठी पैसे मोजतात, आणि काही शाळाही 'कृतीतून शिक्षण' म्हणून ती विकत घेतात. तेव्हा त्यांतून मुले नेमके काय शिकतात हे तपासणे शिक्षकांचे काम आहे.

केळ्याचेच उदाहरण घेऊ. कृती बहुतेकांना माहीत असेल. केळे कुस्करायचे, त्यात मीठ आणि भांडी घासायचा पातळ साबण मिसळायचा, गाळून घ्यायचे आणि वरून थंड स्पिरिट कडेकडेने ओतायचे. साबणामुळे पेशीपटलातले आणि केंद्रकाच्या पटलातले मेद सुटे होतात, डीएनए बाहेर येतो, आणि मीठ असताना तो स्पिरिटमध्ये विरघळत नाही म्हणून तंतूंच्या रूपात दिसू लागतो. यात चूक काही नाही. अडचण एवढीच, की स्पिरिटमध्ये न विरघळणारा केळ्यातला तो एकमेव पदार्थ नव्हे. पेक्टिनही विरघळत नाही. पेरूची जेली करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. उकडून गाळलेल्या पेरूच्या चमचाभर रसात स्पिरिट घालून पाहतात. घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, जेली जमणार. त्या गोळ्याला कोणी पेरूचा डीएनए म्हणत नाही! कुपीतल्या पुंजक्यात डीएनए होता हे खरे, पण त्याच्यासोबत पेक्टिन बरेच आणि थोडी प्रथिने व आरएनएही असणार.

म्हणजे मुलीचा प्रश्न अगदी मर्मावर होता, आणि तो हाताळायला फार काही लागले नसते. आणखी तीन परीक्षानळ्या पुरल्या असत्या. एकीत साबण न घातलेले केळे, दुसरीत पेरूचा रस, तिसरीत पाण्यात फेटलेला अंड्याचा पांढरा बलक, आणि तिन्हींत तेवढेच स्पिरिट. तिन्ही नळ्यांत काहीतरी पांढरे दिसले असते आणि मग खरी पंचाईत सुरू झाली असती, की डीएनए ओळखायचा कसा? (डायफिनिलअमाईनची निळ्या रंगाची कसोटी आहे, पण तिला तीव्र आम्ले आणि उष्णता लागते. ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच बरी.) ही पंचाईत म्हणजेच प्रयोग. तिच्याशिवाय जे होते ती पाककृती. पाककृतीतही हात गुंततात, पण पदार्थ बिघडला तरच माणूस विचार करतो, आणि शिबिराची पाककृती बिघडू नये अशीच बेतलेली असते.

दोन दिवसांच्या शिबिरात दुसरे काही बसतही नाही. सजीव आपल्या गतीने वाढतात, मरतात, अंडी घालतात. त्यांना शिबिराचे वेळापत्रक कळत नाही. त्यामुळे अशा 'जीव'शास्त्रातून पहिल्यांदा जीवच वगळला जातो. त्या सात प्रात्यक्षिकांत हालचाल करणारी एकही वस्तू नव्हती, हे मी मुद्दाम विचारून घेतले.

याला आणखी एक कारण आहे, ते पुण्याच्या नकाशात दडलेले आहे. शाळकरी मुलांसाठी ज्यांची दारे उघडी असतात अशा पुण्यातल्या बहुतेक विज्ञानसंस्था शहराच्या पश्चिमेला आहेत. आयसरचे विज्ञान उपक्रम केंद्र पाषाणला, आयुकाचे मुक्तांगण विज्ञान केंद्र गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात, भारतीय विद्या भवनचे मुक्तांगण विज्ञान शोधिका सेनापती बापट रस्त्यावर. तिथे नियमित जाणारी मुले भाग्यवान खरी. पण नगर रस्त्यावरच्या महापालिका शाळेतल्या मुलाला तिथे पोहोचायचे म्हणजे सगळे शहर ओलांडायचे. वर्षातून एक सहल निघते, तीही सगळ्यांची नाही. उरलेले दिवस भरून काढायला क्लबहाउस असते, आणि ज्यांना क्लबहाउस नाही त्यांच्या वाट्याला तेही येत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 'क्यूब' नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात विद्यार्थी फळमाशी, हायड्रा, गांडूळ, पाणपिसू यांसारखे साधे जीव घरी किंवा शाळेत बाटल्या-डब्यांतून सांभाळतात, निरीक्षणे लिहितात आणि एकमेकांना प्रश्न विचारून भंडावून सोडतात. फळमाशीसाठी सामग्री काय? बाटली, फडके आणि पिकलेले केळे. तेच केळे!

शिबिरवाल्या मुलीला मी जूनच्या शेवटी हे करायला सांगितले. मे महिन्यात मुद्दाम नाही, कारण तापमान सतत ३० अंशांच्या आसपास किंवा वर राहिले की फळमाशीचे नर वांझ होतात आणि बाटल्या ओस पडतात. (उन्हाळी शिबिरांनी फळमाशी टाळावी, याला एवढे तरी सबळ कारण आहे.) २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. तिने दोन बाटल्या केल्या. दोन्हींत सालीसकट केळ्याचे तुकडे टाकले. एक उघडी ठेवली, दुसरीच्या तोंडाला पहिल्या क्षणापासून दुपदरी फडके रबराने घट्ट बांधले. त्यामागची कल्पना फ्रान्चेस्को रेदीची. १६६८ साली त्याने मांसाची काही भांडी उघडी आणि काही झाकलेली ठेवून दाखवले होते, की अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, त्या माश्यांच्या अंड्यांतून येतात. आठवीच्या मुलालाही सांगता येईल असा निष्कर्ष. म्हणजे आपल्या झाकलेल्या बाटलीत काही निघायला नको.

झाकलेल्या बाटलीत अकराव्या दिवशी चौदा माश्या होत्या.

मुलगी धावत आली. तिचा धाकटा भाऊ म्हणाला, केळ्यातूनच झाल्या. तिची आजी म्हणाली, फडके सैल असेल. तिचे स्वतःचे म्हणणे वेगळे होते. बाजारात केळ्यांचे घड उघडेच टांगलेले असतात, अंडी तिथेच सालीवर घातली गेली असतील. मी गप्प बसले, आणि हे मला सोपे गेले नाही. पुढच्या खेपेला तिने तीन बाटल्या केल्या. एकीत सालीसकट केळे, दुसरीत सोललेले, तिसरीत उकळत्या पाण्यातून काढलेले, आणि तिन्हींवर फडके. सोललेल्या केळ्याच्या बाटलीतही दोन माश्या निघाल्या. आता साल काढताना हाताला लागून अंडी आत गेली, की केळ्याला देठाशी चीर होती, यावर घरात वाद आहे. मला नक्की सांगता येत नाही. तिने नर-मादी ओळखायला मात्र शिकून घेतले. नर लहान, त्याच्या पोटाचे टोक गोलसर आणि काळे. मादी मोठी, तिचे टोक निमुळते आणि पट्ट्यांचे. दहा पटीच्या भिंगातून हे दिसते.

या पद्धतीचेही दोष सांगायला हवेत. बाटल्यांना वास येतो, मुंग्या लागतात, बुरशी येते. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात कोणी बाटलीकडे बघत नाही. शेवटी दाखवायला वहीशिवाय काही नसते, आणि वही गळ्यात अडकवता येत नाही. शिक्षकाला 'मला माहीत नाही' असे वर्गासमोर म्हणावे लागते, तेही वारंवार. मी वीस वर्षे प्रयोगशाळेत आहे आणि मलाही ते अजून जड जाते.

पण याला पर्याय काय, ते खराडीनेच २०२४ च्या फेब्रुवारीत दाखवले. खराडी-केशवनगर भागात मुळा-मुठेवर कीटकांचे उंचच उंच फिरते खांब उभे राहिले. त्याची चित्रफीत देशभर 'डासांचे वादळ' म्हणून फिरली. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, नदीतल्या जलपर्णीवरून महापालिकेला धारेवर धरले. ते गैर नव्हते. पण ते डासच होते का? दूषित, संथ पाण्यावर असे खांबासारखे थवे करण्यासाठी प्रसिद्ध आहेत ते कायरोनॉमिड कुळातले कीटक. दिसायला डासासारखेच, पण चावत नाहीत. संध्याकाळी नर थवा करतात आणि माद्या त्यात शिरतात. चित्रफितीवरून जात ठरत नाही, मेलेल्या कीटकावरून ठरते, आणि खिडकीत तर त्यांचा खच पडला होता. डासाला लांब सोंड असते, याला नसते. डासाच्या पंखांच्या शिरांवर खवले असतात, याच्या नसतात. बसताना डास बहुधा मागचे पाय उचलतो, हा पुढचे. भिंग आणि पंधरा मिनिटे एवढाच खर्च होता. मी नंतर परिसरातल्या पाच शिक्षकांना विचारले. एकाही वर्गात कोणी तो कीटक भिंगाखाली ठेवला नव्हता. कीटक खिडकीपर्यंत स्वतः चालून आले होते, तरी!

या कीटकाच्या अळ्या आपल्या ओळखीच्या आहेत. गच्चीवरच्या टाकीत लाल किडे झाले म्हणून सोसायटीच्या सभेत तक्रार होते, ते बहुधा हेच. लाल रंग हिमोग्लोबिनचा. कीटकांत ते क्वचितच सापडते, आणि त्याच्या बळावर ही अळी प्राणवायू कमी असलेल्या गाळात तगते. हिच्या लाळग्रंथींतच बाल्बियानी यांना १८८१ साली ती राक्षसी, पट्टेदार गुणसूत्रे दिसली. बारावीच्या पुस्तकातल्या आकृतीची मूळ प्रत आपल्या टाकीत वळवळत असते. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात या कीटकांवर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे.

शाळेत करायचे तर एक टब, साधे पाणी आणि मूठभर वाळलेली पाने गच्चीवर तीन रात्री उघडी ठेवावीत, मग मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे आणि काय काय निघते ते रोज मोजावे. डासांच्या अळ्याही होणारच, म्हणून कापडाला भोक नको. डेंगीच्या दिवसांत महापालिकेची नोटीस येते, आणि ती यायलाच हवी. नदीचा गाळ मात्र मुलांना आणू देऊ नये. खराडीपर्यंत येणाऱ्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते. शिवाय इस्राएलच्या ब्रोझा आणि हाल्पर्न यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले, की कायरोनॉमिडांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांवर पटकीचे जिवाणू वाढतात. म्हणून टबातले काहीही हाताळल्यावर साबणाने हात धुणे आलेच.

मुलीच्या वहीत सध्या एक नवे पान आहे. नदीवरचे थवे संध्याकाळी होतात, आणि केळ्याच्या माश्याही तिला दुपारपेक्षा सकाळ-संध्याकाळी जास्त दिसतात. दोन्हींचे कारण एकच आहे का, असे तिने वर लिहिले आहे आणि खाली दिवसातल्या सहा वेळांचा तक्ता आखला आहे. पहिले तीन रकाने भरले आहेत. दुपारी दोनच्या रकान्याशी तिने लिहिले आहे : शाळा. रविवारी पाहणे.