सभामंडप आणि रंगमंच : ताम्हिणी परिसरातील गायनप्रयोगांच्या समीक्षेचा प्रश्न

१

पुण्याहून मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने माणगावकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणी हे गाव आहे. पुण्यासारखे विद्येचे आणि संगीताचे केंद्र त्याच जिल्ह्यात असूनही पावसाळ्याचे चार महिने हे गाव पुण्यापासून किती दूर असते, हे तेथे मुक्काम केल्याखेरीज उमगत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात एका दिवसात पाचशे मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा ठिकाणी नाट्यगृह नाही, संगीतसभा भरविणारे मंडळ नाही, तिकीटविक्री नाही. तथापि तेथे गायनवादनाचे प्रत्यक्ष प्रयोग होत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. ते देवळाच्या सभामंडपात होतात, घराच्या ओसरीवर होतात आणि एके काळी ते जात्याशी होत असत. या प्रयोगांची समीक्षा कोणत्या निकषांनी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत ‘गायन साधारण होते, स्वर ढळत होते, साथ बेताची होती’ अशा तऱ्हेचे शेरे वारंवार आढळतात. दुसऱ्या बाजूस ‘मातीचा सुगंध’, ‘अस्सल लोककला’ अशा शब्दांनी केलेली स्तुतीही आढळते. यांपैकी पहिली भाषा नाट्यगृहातून आणलेली आहे, दुसरी वृत्तपत्रातून. प्रयोगात प्रत्यक्ष काय घडते, हे दोहोंतूनही कळत नाही.

२

प्रारंभ शब्दांपासून करू. प्रत्यक्ष गायनासाठी नागर मराठीत जे शब्द रुळले आहेत, त्यांपैकी ‘मैफल’, ‘जलसा’ आणि ‘बैठक’ हे तिन्ही शब्द मुळात बसण्याचे वा जमण्याचे वाचक आहेत. जमणारे कोण, तर ऐकणारे. म्हणजे या शब्दांच्या मुळाशीच श्रोता बसलेला आहे. ‘मैफल ऐकली’ या वाक्यात मैफल हे कर्म आहे आणि ऐकणारा हा कर्ता आहे.

आता गावातील क्रियापदे पाहा. गोंधळ ‘घालतात’, जागरणही ‘घालतात’, भजन ‘करतात’, ओवी ‘गातात’. गोंधळ घालणारा कोण, असे विचारले तर व्याकरण दोन उत्तरे देते. गोंधळी गोंधळ घालतो, हे एक. परंतु ‘पाटलांनी लग्नानंतर गोंधळ घातला’ असेही आपण म्हणतो आणि तेथे कर्ता यजमान असतो. ज्याने एक स्वरही उच्चारला नाही, तो या प्रयोगाचा कर्ता ठरतो. भजनाच्या बाबतीत तर गावातला माणूस ‘भजन ऐकायला गेलो’ असे क्वचितच म्हणेल. तो ‘भजनाला गेलो’ किंवा ‘भजनाला बसलो’ असे म्हणतो. येथे भजन हे कर्म राहत नाही. ‘कामाला गेलो’, ‘पंगतीला बसलो’ या प्रयोगांच्या जातीचे ते चतुर्थ्यंत रूप आहे. पंगतीला बसलेला माणूस पंगत पाहत नसतो. तो पंगतीचाच एक भाग असतो.

याच्या उलट ‘कार्यक्रम’ हा शब्द घ्या. कार्यक्रम ‘होतो’ किंवा ‘ठेवला जातो’. त्यातील कर्ता लोपलेला आहे. देवळासमोर लावलेल्या फलकावर जेव्हा ‘भजनाचा कार्यक्रम’ असे शब्द येतात, तेव्हा केवळ एक नाम वाढत नाही, तर प्रयोगातील माणसांचे परस्परसंबंधच बदलू लागतात.

३

या दृष्टीने तीन प्रयोगांचा विचार करू.

पहिला प्रयोग जात्यावरच्या ओवीचा. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या शके १०५१ (इ. स. ११२९) मधील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे या गायनाचे श्रमाशी असलेले नाते निदान नऊ शतकांचे आहे. मुळशी तालुक्याचे या बाबतीत आपल्यावर विशेष ऋण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथील डोंगरी गावांतील स्त्रियांच्या साहाय्याने ओव्यांचे जे संकलन आरंभिले, ते पुढे महाराष्ट्रभर विस्तारून एक लाखाहून अधिक ओव्यांचे झाले. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतील पुष्कळशा ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. आता हे भांडार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आहे.

या ओवीचे वैशिष्ट्य असे, की तिला श्रोता अपेक्षितच नाही. जात्याशी एकटी वा दुकटी बसलेली स्त्री जिला उद्देशून गाते, ती समोर नसते. ती माहेरी असलेली आई असते, पाठीराखा भाऊ असतो, विठ्ठल असतो किंवा डॉ. आंबेडकर असतात. संबोधन आहे, पण संबोधित अनुपस्थित आहे. रोमान याकोबसन याने १९६० साली भाषेची जी सहा कार्ये मांडली, त्यांपैकी आवाहक कार्य येथे प्रबळ आहे. परंतु ज्याला आवाहन करावयाचे, त्याच्यापर्यंत आवाज पोचणार नाही हे गाणारीस ठाऊक आहे. ओवीतील व्याकुळता बव्हंशी या विसंगतीतून येते, असे मला वाटते.

दुसरा प्रयोग गोंधळाचा. ताम्हिणीची विंझाई ही अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता आहे. कुळे पुण्यामुंबईस आणि त्याहूनही दूर पांगली. देवी मात्र डोंगरात राहिली. महाराष्ट्रातील कितीतरी कुळांप्रमाणे मंगलकार्यानंतर देवीचा गोंधळ घालण्याचा कुळाचार अशा घराण्यांतून पाळला जातो. चौक मांडावयाचा, कलश स्थापावयाचा, दिवटी पेटवावयाची आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीने देवतांना बोलवावयाचे, हा त्याचा क्रम. या आवाहनात तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी अशी स्थाने आणि तेथील दैवते एकामागून एक येतात व प्रत्येकापुढे येण्याची विनंती करणारे आज्ञार्थी क्रियापद येते. भाषिकदृष्ट्या ही केवळ एक यादी आहे. परंतु या यादीत एक जागा मोकळी असते. ती यजमानाच्या कुलदेवतेची आणि ग्रामदेवतेची. विंझाईचे नाव त्या जागी उच्चारले गेले, की यजमानाच्या दृष्टीने गोंधळ लागू झाला. ते राहून गेले, तर संबळ कितीही उत्तम वाजला तरी गोंधळ अपुरा राहिला.

तिसरा प्रयोग भजनाचा. अभंगाचे चरण एकाने म्हणावयाचे आणि ध्रुपद सर्वांनी उचलावयाचे, ही त्याची साधी रचना. सभामंडपात टाळ ज्याच्या हाती येईल तो टाळकरी. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात याच परिसरातील एका देवळात मी टिपणवही घेऊन बसलो होतो. पाऊस पत्र्यावर इतका कोसळत होता, की म्हणणाऱ्याचा चरण मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून मी वही मिटली. पण ध्रुपद आले, की मागची माणसे नेमक्या मात्रेवर ते उचलीत होती. त्यांना शब्द ऐकावयाचे नव्हते. ते त्यांना येत होते. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी गुडघ्यावरचे टाळ माझ्या हाती ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, नुसतं बसू नका.” समीक्षेचा एवढा नेमका धडा मला कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही.

४

हे तीनही प्रयोग आता रंगमंचावर येतात. रंगमंच ही तटस्थ जागा नव्हे. १८७६ मध्ये बायरॉइट येथे व्हागनरने जे नाट्यगृह उघडले, त्यात वादकवृंद दृष्टीआड ठेवला आणि प्रेक्षागार अंधारात ठेवले. श्रोत्याने एकमेकांकडे न पाहता केवळ समोर पाहावे, ही शिस्त स्थापत्यानेच लावून दिली. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवाने १९५३ पासून आणि बालगंधर्व रंगमंदिराने १९६८ पासून पुण्याच्या श्रोत्याला घडविले. त्या श्रोत्याची दाद, त्याची शांतता आणि त्याची जाण यांविषयी मला आदरच आहे. परंतु ती जाण एका विशिष्ट प्रयोगप्रकारातून आलेली आहे. सर्व संगीत एकाच मापाने मोजता येत नाही आणि लोकसंगीतास स्वतंत्र शास्त्राची गरज आहे, हे डॉ. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) या ग्रंथात आपल्या निदर्शनास आणले. त्याचे फलित आपल्या समीक्षेत अजून पुरतेपणी उतरलेले नाही.

रंगमंचावर काय बदलते, ते वरील विवेचनावरून सांगता येईल. ओवीला अकस्मात श्रोता मिळतो. अनुपस्थित आईला घातलेली हाक उपस्थित रसिकांकडे वळते. गोंधळाच्या यादीतील मोकळी जागा भरून टाकली जाते. सभागृहात यजमान नसल्यामुळे कोणाचेच कुलदैवत बोलवावयाचे नसते. यादी कायमची ठरते आणि तिला पाठाचे रूप येते. भजनातील ध्रुपद सभागृह उचलीत नाही, म्हणून ते उचलण्यासाठी मंचावर चार माणसे बसवावी लागतात. काळही बदलतो. रात्र उजाडेपर्यंत चालणारा विधी वीस मिनिटांत बसवावयाचा म्हटल्यावर आख्यान गळते आणि संबळाची जुगलबंदी उरते.

५

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. ‘तुम्ही गावातील प्रयोगाचे उदात्तीकरण करीत आहात. जात्याचे गाणे हे पहाटे उठून करावयाच्या कष्टांचे गाणे होते. पिठाची गिरणी आली, हे त्या स्त्रियांच्या दृष्टीने इष्टच झाले. गोंधळ्यास रंगमंचाने मान आणि मोबदला दिला. सभामंडपात कोणी कोठे बसावयाचे, हे जातीने आणि लिंगाने ठरत होते. नाट्यगृहात निदान तिकीट घेणारा प्रत्येक जण सारखा असतो.’

हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या ओव्यांतून स्त्रियांनी सासुरवासाची गाऱ्हाणी सांगितली, त्या ओव्यांसाठी तो सासुरवास परत यावा, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मुळशीच्या मातीला तर ‘सुंदर गतकाळा’ची भाषा मुळीच शोभत नाही. धरणासाठी शेतेघरे पाण्याखाली जाऊ नयेत, म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला आणि तरीही धरण झाले. तेव्हा जुने प्रयोग जसेच्या तसे राखावेत, असा माझा पक्ष नाही.

माझा पक्ष इतकाच, की प्रयोग बदलला तर काय बदलले, हे समीक्षेने नेमके सांगावे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हा आवाज कोणाला उद्देशून आहे? त्याला उत्तर देण्याचा अधिकार उपस्थितांपैकी कोणाला आहे? आणि या पाठात मोकळी जागा कोठे आहे व ती आज कोणी भरली? या प्रश्नांची उत्तरे रंगमंचावरही चांगली येऊ शकतात. सभागृहातील एखाद्या वृद्धेस तिच्या गावच्या देवीचे नाव विचारून ते आवाहनात गुंफणारा गोंधळी रंगमंचावर उभा असूनही गोंधळ घालीतच असतो. उलट, देवळाच्या सभामंडपात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या करून उपस्थितांचे ध्रुपद बुडवून टाकणारे भजन देवळात असूनही कार्यक्रमच असते. म्हणजे भेद जागेचा नाही, संबोधनाचा आहे.

६

शेवटी एक कबुली देणे आवश्यक वाटते. संशोधनाच्या पहिल्या वर्षांत मी ओव्यांचे जे लेखन केले, त्यातून ‘बाई’, ‘गं’ यांसारखी पदे आणि पुनरावृत्त झालेले शब्द गाळून टाकले. छंदाची मोजणी त्यांमुळे बिघडत होती आणि अर्थात त्यांनी भर पडत नव्हती, असे माझे तेव्हाचे मत होते. छापलेल्या दोन ओळी मी जिच्या होत्या तिला वाचून दाखविल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि “कोणाची आहे ही?” असे विचारले. मी विनोद समजलो. तो विनोद नव्हता. जो भाग मी भरताड समजून काढला, त्यातच तिचा गळा होता. ‘गळा’ हा शब्द या स्त्रिया कंठ आणि चाल अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. म्हणजे चाल ही त्यांच्या दृष्टीने व्यक्तीपासून सुटी होणारी वस्तू नाही. दोन ओळींची ओवी गाताना सहा-सात ओळींएवढी लांबते, ती याच संबोधनांच्या आणि आवर्तनांच्या बळावर.

ज्यांनी जात्यावर प्रत्यक्ष दळले आणि गायले, अशा स्त्रिया आता वार्धक्यात आहेत. ध्वनिमुद्रणे आहेत, पाठ आहेत. पण या पाठांचे वाचन कसे करावयाचे, हे आपण ठरविणार आहोत. ‘बाई’ हा शब्द गाळला, तर छंद नीट बसेल आणि बाई नाहीशी होईल. आपल्या विभागाच्या पुढील संकलनांत तो गाळला जाऊ नये आणि प्रत्येक पाठासोबत तो कोठे, कोणासमोर व कोणाला उद्देशून गायला गेला याची नोंद असावी, एवढीच या लेखाची विनंती आहे.