सावंत-भोसले: उदयपूरची ओळ आणि हळर्णचा किल्ला

मंडळाच्या फलकासाठी सावंत-भोसल्यांची वंशावळ काही वर्षांपूर्वी मीच काढली होती. सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘मूळ: उदयपूरचे शिसोदिया’. ती ओळ आता काढावी असं मला वाटतं. निमित्त, पांडुरंग पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ (१९६७) या ग्रंथाचं पुन्हा केलेलं वाचन.

पिसुर्लेकर मूळ सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे, गोव्याच्या दप्तरखान्याचे अनेक वर्षं प्रमुख. ग्रंथाचं उपशीर्षकच प्रामाणिक आहे: पोर्तुगेजांच्या दप्तरातील मराठ्यांचा इतिहास. त्या दप्तरात वाडीकर भोसले ‘बोंसुलो’ होतात. घराण्याची परंपरा रक्ताचं नातं सांगते. दप्तर तारीख सांगतं. १७४६ साली हळर्ण आणि तेरेखोल पोर्तुगेजांनी घेतले. १७८१ मध्ये डिचोली गेली. पेडणे मात्र १७८८ मध्ये तहाने गेलं: कोल्हापूरकरांशी झुंजताना तिसऱ्या खेम सावंतांना मदत हवी होती, तिची ती किंमत. ‘नव्या काबिजादी’ म्हणताना आपण पेडणेही जिंकलेलं धरतो. ते दिलेलं होतं. हा फरक मला या वाचनात कळला.

गंमत पुढे आहे. हळर्ण घेणारा व्हाइसरॉय ‘हळर्णचा मार्कीझ’ झाला. म्हणजे लिस्बनच्या एका सरदार घराण्याला नाव मिळालं ते शापोऱ्याकाठच्या आपल्या किल्ल्याचं! हंगेरीच्या राज्यातही असंच घडलं. शुबिच या क्रोएशियन घराण्याला १३४७ मध्ये झ्रिनचा गड मिळाला आणि ते झ्रिन्स्की झाले. नाव गडावरून आलं, आणि गड कधी मिळाला ते साल ठाऊक आहे. आपल्या उदयपूरच्या ओळीला असं साल कुठे आहे?

ग्रंथाची उणीवही सांगायला हवी. दप्तर राज्यकर्त्यांचं, त्यामुळे त्यात तह, खलिते, स्वाऱ्या भरपूर. पेडण्याच्या ज्या गावकऱ्याने काल वाडीला आणि आज पणजीला सारा भरला, तो क्वचितच बोलतो. त्याच्यासाठी गावकरीचे कागद आणि सावंतवाडीकडचं दप्तर शेजारी ठेवूनच हा ग्रंथ वाचावा. नाहीतर आपण एका दरबाराची भाटगिरी सोडून दुसऱ्याची धरू.

हे बोललो तेव्हा पेडण्याचे एक वयस्क स्नेही दुखावले. “तू आमकां उणे करता मरे?” म्हणाले. त्यांना उत्तर देतो. मी इंजिनिअर, पाया तपासला म्हणजे घर पाडलं असं होत नाही. पोर्तुगेजांशी पिढ्यान् पिढ्या झुंजलेल्या घराण्याला मोठेपणासाठी उदयपूरचा टेकू कशाला?

नव्या फलकावर ‘परंपरेनुसार’ हा शब्द घालून ती ओळ खाली, बारीक अक्षरांत येईल. वर येतील १७४६, १७८१ आणि १७८८.