मायेच्या पुढे काय? मणिबेलीच्या निमित्ताने मानवतावादी अध्यापनाचा विचार

मराठीत मानवतावादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विद्वानांमुळे आपल्या वैचारिक परंपरेत रुजला. मात्र हाच शब्द वर्गाच्या दाराशी आला की आपण तत्त्वज्ञान बाजूला ठेवतो आणि मायेबद्दल बोलू लागतो. खानदेशात तर हे फारच स्वाभाविक आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणारे, वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढणारे साने गुरुजी आमच्या मनात इतके खोल बसले आहेत, की चांगला शिक्षक म्हणजे मायाळू शिक्षक, हे समीकरण तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात ते तपासण्याचा प्रयत्न आहे.

मी शिक्षणशास्त्राचा रीतसर अभ्यासक नाही. या प्रश्नाकडे वळलो तो एका जुन्या आठवणीमुळे. माझ्या शाळेत अहिराणी शब्द तोंडातून गेला की हातावर पट्टी बसे. पट्टी मारणारे गुरुजी दुष्ट नव्हते. आजारी पोराला ते स्वतः घरी पोचवत, फी थकली तर पदरचे पैसे भरत. त्यांची माया खरी होती. तरीही माझ्या आईची भाषा ही वर्गाबाहेर काढून ठेवायची वस्तू आहे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. माया आणि अवमान एकाच हातातून मिळू शकतात, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मानवतावादी अध्यापनाचे पाश्चात्त्य भाष्यकार या ठिकाणी थोडी मदत करतात. कार्ल रॉजर्स यांनी १९६९ साली ‘फ्रीडम टू लर्न’ या ग्रंथात शिक्षकाकडून सच्चेपणा, स्वीकार आणि समानुभूती यांची अपेक्षा केली. हा विचार मोलाचा आहे, पण त्याच्या नजरेसमोर एकटे मूल आहे. त्या मुलाचे गाव, भाषा, जमीन या गोष्टी फार तर पार्श्वभूमी म्हणून येतात. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी ती उणीव हेरली. ज्याला शिकवायचे त्याला रिकामे भांडे समजणे, हाच त्यांच्या मते मूळ अन्याय. आपल्याकडे या दिशेचे पाऊल त्याच्याही आधी पडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत येत नाही, या तक्रारीला ‘मग शाळा मुलाकडे जाईल’ असे उत्तर मिळाले.

मणिबेलीने हा प्रश्न आणखी पुढे नेला. अक्कलकुवा तालुक्यातले, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे हे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या बुडिताला सामोरे जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात येथील घरांत पाणी शिरले. १९९४ साली जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणारे जे आंतरराष्ट्रीय निवेदन निघाले, त्याला याच गावाचे नाव दिले गेले. किनाऱ्यावरच्या अनेक गावांची तक्रार होती की सरकारी शाळा कागदावर आहे, गुरुजी मात्र फिरकत नाहीत. त्यातून नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू केल्या. मणिबेलीतही अशी निवासी शाळा उभी राहिली. काही शाळा पाण्याखाली गेल्या आणि वरच्या अंगाला पुन्हा बांधल्या गेल्या.

या शाळांवर मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा कौतुकाचे असते. कुडाची भिंत, अनवाणी पाय, डोळ्यांतली चमक. हे लेखन वाचताना मला अस्वस्थ वाटते, कारण त्यातही मूल मायेचा विषयच राहते. जीवनशाळेचे खरे वेगळेपण दुसरीकडे आहे. येथे शिकवणारे बहुतेक जण त्याच खोऱ्यातले आदिवासी तरुण. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातलेच असावेत आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. शंभराहून अधिक वर्षांनी ही मागणी सातपुड्याच्या कुशीत, सरकारी व्यवस्थेबाहेर, काही अंशी अमलात आली. येथे मुलाची बोली ही मराठीकडे जाण्याची पायवाट मानली गेली. झाडपाला, मासे, बियाणे यांविषयी म्हाताऱ्यांना जे ठाऊक आहे, त्याला पाठाचा दर्जा मिळाला.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाठ्यपुस्तकात धरण म्हणजे वीज, पाणी, प्रगती. यातले काहीच खोटे नाही. पण ज्या मुलाचे शेत त्या पाण्याखाली आहे, त्याने हा धडा कसा वाचायचा? मायाळू शिक्षक त्याला जवळ घेईल आणि धडा तसाच पुढे नेईल. मानवतावादी शिक्षकाला धडा थांबवावा लागेल, कारण वर्गात बसलेला एक साक्षीदार पुस्तकाला पुरवणी जोडू पाहतो आहे.

तथापि येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही घोषणा देणारे आठ वर्षांचे मूल ती स्वतःच्या विचाराने देते काय? सरकारी पुस्तकाने धरणाचे गुणगान पाठ करून घेणे चूक असेल, तर विरोधाची घोषणा पाठ करून घेणे बरोबर कसे? ज्याचे घर बुडते आहे त्याला लढ्यापासून अलिप्त ठेवता येत नाही, हे उत्तर मला अर्धेच पटते. उरलेले अर्धे असे, की त्या मुलाला उद्या पुनर्वसनाची जमीन घेऊन निघून जावेसे वाटले, तर तेही त्याच वर्गात निर्धास्तपणे बोलता आले पाहिजे. आपल्याशी असहमत होण्याची मुभा शिक्षक देतो की नाही, ही कसोटी सरकारी शाळेइतकीच चळवळीच्या शाळेलाही लागू आहे.

दुसरी मर्यादा चौथीनंतरची. या शाळा प्राथमिक टप्प्याच्या. पुढे मूल आश्रमशाळेत किंवा तालुक्याच्या शाळेत जाते आणि तेथे त्याच्या बोलीला पुन्हा दाराबाहेर उभे राहावे लागते. हा दोष जीवनशाळेचा नव्हे. पुढची पायरी आपण बांधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ती पायरी कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मारहाण आणि मानसिक छळाला मनाई करते. कलम २९ त्यापुढे जाते. शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण, भयमुक्त मूल आणि मत मोकळेपणाने मांडायला त्याला साहाय्य, असे ते सांगते. कलम १७ आपण निदान तत्त्वतः स्वीकारले, कारण ते आपल्या मायेच्या कल्पनेत बसते. कलम २९ मात्र आपल्याला जड जाते, कारण ते मुलाकडून ऐकायला सांगते. शाळेची तपासणी करताना आपण खोल्या मोजतो, स्वच्छतागृहे मोजतो, आणि ते आवश्यकच आहे. या आठवड्यात मुलांनी शिक्षकाला न आवडणारे किती प्रश्न विचारले, याची नोंद कोणत्याही तपासणीच्या वहीत नसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत पहिल्यांदा भरले. मणिबेलीचे जे बुडायचे ते बुडाले. आता त्या किनाऱ्यावरच्या मुलाला ‘आमची नदी’ असा निबंध लिहायला सांगितला, तर तो कोणती नदी लिहील, वाहती की साचलेली? मला उत्तर ठाऊक नाही. माझ्या गुरुजींनी मला असे काही विचारले असते तर मी अहिराणीत उत्तर दिले असते, आणि पट्टी खाली ठेवून त्यांनी ते ऐकले असते का, हा प्रश्न अजून माझ्यापाशी आहे.