रिकाम्या चौथऱ्यावरची आई

अपंग व्यक्ती समोर आली की आपण बहुधा दोनच गोष्टी करतो : नजर वळवतो किंवा ‘बिचारी’ म्हणतो. या दोन्ही सवयींना एकाच वेळी अडवणारे एक शिल्प लंडनच्या ट्रफल्गार चौकात सप्टेंबर २००५ पासून सुमारे दोन वर्षे होते. मानवी देह आणि माणसाची ओळख हा आजच्या कलेचा आवडता विषय. परंतु त्यातले पुष्कळसे काम केवळ धक्का देऊन थांबते. हे शिल्प तेथे थांबत नाही, म्हणून त्याचा परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले.

शिल्पकार मार्क क्विन. शिल्पाचे नाव ‘ॲलिसन लॅपर प्रेग्नंट’. ॲलिसन लॅपर या स्वतः कलावंत आहेत. जन्मतःच त्यांना हात नाहीत आणि पाय आखूड आहेत. ब्रश तोंडात धरून त्या चित्रे काढतात. त्या आठ महिन्यांच्या गरोदर असतानाचे रूप क्विन यांनी शुभ्र कॅरारा संगमरवरात घडवले. उंची साडेतीन मीटरहून अधिक. देह विवस्त्र, पण त्यात आवाहन नाही आणि लाजही नाही.

ज्या चौथऱ्यावर हे शिल्प बसले त्यालाही इतिहास आहे. राजा चौथा विल्यम याच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी तो १८४१ मध्ये बांधला गेला. पैशांअभावी पुतळा झालाच नाही. चौकात इतरत्र सत्तावनच्या बंडाचा हॅवलॉक आहे, सिंध जिंकणारा नेपियर आहे आणि उंच स्तंभावर नेल्सन. नेल्सनचाही उजवा हात युद्धात गेला होता, परंतु त्याला कोणी ‘बिचारा’ म्हणत नाही. मिलोच्या व्हीनसला हात नाहीत, तरी तिच्या सौंदर्यात आपल्याला उणे दिसत नाही. मग जिवंत स्त्रीच्या बाबतीतच आपली दृष्टी का बदलते? क्विन यांचा हा प्रश्न बिनतोड आहे.

तथापि आमची एक शंका आहे. याच चौथऱ्यावर १९९९ मध्ये मार्क वॉलिंजर यांचे ‘एक्के होमो’ हे शिल्प उभे होते. पिलाताने जमावापुढे आणलेला ख्रिस्त : हात मागे बांधलेले, मस्तकी काटेरी तारेचा मुकुट, आणि उंची साध्या माणसाएवढी. त्या प्रचंड चौथऱ्याच्या कडेवर तो फारच लहान दिसे, आणि त्या लहानपणातच त्याचे सामर्थ्य होते. क्विन यांनी नेमकी उलट वाट धरली. सेनापतींना त्यांच्याच भाषेत, म्हणजे भव्यतेच्या भाषेत, उत्तर दिले. त्यामुळे लॅपर यांना सन्मान लाभला खरा, परंतु त्या प्रतीक झाल्या. गुळगुळीत संगमरवरात त्यांचे रोजचे जगणे, त्यांचे श्रम, त्यांचा विनोद कोठे उरला?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस लॅपर यांच्या स्वतःच्या कामात सापडते. छायाप्रकाशाच्या आधारे त्यांनी आपल्याच देहाची छायाचित्रे घडवली. क्विन यांच्या शिल्पात त्या पाहिल्या जातात. आपल्या छायाचित्रांत त्या आपण कसे दिसावे हे स्वतः ठरवतात. देह तोच, पण त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्याचा देह त्याच्याकडे आला की ओळख पुरी होते. म्हणूनच संगमरवरी शिल्प आम्हांस महत्त्वाचे वाटते, परंतु अखेरचा शब्द वाटत नाही.

हा विचार लंडनपुरता नाही. आपल्या चर्चमध्ये वेदीवर आपण दर रविवारी एक जखमी देह पाहतो आणि त्यापुढे नतमस्तक होतो. त्याच रविवारी दाराच्या पायऱ्यांशी कुबड्या घेऊन थांबलेल्या बाईला मात्र आपण वाट देतो, नाव विचारत नाही. तिचे नाव विचारावे, तिचे म्हणणे ऐकावे. चांगल्या कलाकृतीने घराकडे परतताना एवढे जरी बरोबर दिले, तरी तिचे काम झाले असे आम्ही समजतो.