अंड्यातला अँथनी आणि माजोर्ड्याचा

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी गोन्साल्विस सर्वांना ठाऊक आहे. ते नाव ज्यांचे, ते गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक (१९२७-२०१२) मात्र फारच थोड्यांना. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. नाव योजले ते गुरूच्या आदरापोटी. हेतू निर्मळच, तरी कीर्तीची ही तऱ्हा आम्हांस खटकते. भारतीय राग पाश्चात्य वाद्यवृंदात गुंफण्याचा ध्यास घेऊन त्यांनी १९५८ साली मुंबईत मैफल उभारली; ती विस्मरणात गेली, विनोदी गीतातले नाव उरले. चित्रपटगीतांची स्वरलिपी लिहून वाद्ये बसविणाऱ्या गोव्याच्या अरेंजरांची नावे पडद्यावर आलीच तर बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून. चाल संगीतकाराची खरी. परंतु दोन कडव्यांमधील ते व्हायोलिनचे झरे कोणाचे?